मुलगा संगीतोपचाराला ‘नको’ म्हणतो आहे. त्याच्या नकाराला किती मान द्यावा?

कृष्णाकाठ (सांगली)

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे आणि त्याची बौद्धिक अक्षमता मध्यम स्वरूपाची आहे. तो तीन-चार शब्दांची वाक्ये बोलतो. ओळखीच्या माणसांना त्याचे बोलणे कळते, नवख्यांना बहुधा मला ते उलगडून सांगावे लागते. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपल्यापासून तो प्रौढांच्या कार्यशाळेत जातो. तेथे कागदी पिशव्या करणे, पणत्या रंगवणे अशी कामे असतात आणि दर बुधवारी पाऊण तासाचे संगीतोपचाराचे सत्र असते.

ही सत्रे सुरू झाल्यावर पहिले वर्षभर बुधवार हा त्याचा सर्वांत आवडता वार होता. तो ढोलकी वाजवायचा आणि घरी आल्यावर पिठाच्या डब्यावर तोच ठेका धरायचा. दिवाळीनंतर सत्रांचे स्वरूप बदलले. स्नेहसंमेलनासाठी दहा जणांचे समूहगीत बसवायला घेतले. गाणे लहान मुलांचे, पावसाचे, आणि ढोलकीची जबाबदारी एकट्या त्याच्यावर. तेव्हापासून बुधवारी सकाळी तो न्हाणीघरातून लवकर बाहेर येत नाही, आणि आलाच तर कार्यशाळेच्या दाराशी दोन्ही कानांवर हात ठेवून ‘नको, ढोलकी नको’ म्हणतो. शिक्षकांचे म्हणणे असे की एकदा सुटी दिली की सवय मोडते आणि मग ही मुले पुन्हा बसत नाहीत. शिवाय त्याच्यावाचून गाणे उभे राहणार नाही. मीही दोनदा त्याला हाताला धरून आत नेले. दुसऱ्या वेळी तो रडला, आणि त्या दिवसापासून माझे मन स्वस्थ नाही.

त्याच्या वार्षिक आराखड्यात संगीतोपचाराचे पहिले उद्दिष्ट म्हणून ‘स्वयंनिर्णयाची क्षमता वाढवणे’ असे लिहिलेले आहे आणि त्याखाली सही माझी आहे. रात्री तो स्वतः रेडिओ लावतो, आवाज स्वतः कमी-जास्त करतो, म्हणजे संगीत त्याला नकोसे झालेले नाही. मग हा नकार त्याचा निर्णय मानायचा की लहर मानायची? ज्याला कारण सांगता येत नाही, त्याचा निर्णय आपण ओळखायचा कसा? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

ठेका

ताई, मी गेली १४ वर्षे संगीतोपचाराचे काम करतो आहे. त्यातली बहुतेक वर्षे बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर गेली आहेत. आपल्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर संगीताचे नाही: त्याचे कान तपासून घ्या. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे कर्णमार्ग अरुंद असतात, त्यामुळे मळ लवकर साचतो. मधल्या कानात द्रव साठण्याचे आणि ऐकू कमी येण्याचे प्रमाणही त्यांच्यात बरेच असते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला मोठा आवाज मात्र असह्य होऊ शकतो, हे अनेक पालकांना खरे वाटत नाही. ढोलकी तो वर्षभर आनंदाने वाजवत होता हे खरे, पण एकट्याने वाजवलेली ढोलकी वेगळी आणि उघड्या, आवाज घुमवणाऱ्या भिंतींच्या खोलीत नऊ जणांच्या झांजा आणि खंजिऱ्या सुरू असताना वाजवायची ढोलकी वेगळी. कानांवर हात ठेवून तो आपले कारण कदाचित अगदी नेमके सांगत असेल. थायरॉइडची तपासणी गेल्या वर्षभरात झाली नसेल तर तीही करून घ्या, कारण त्याची कमतरता या मुलांत, माफ करा, या प्रौढांत पुष्कळदा आढळते आणि तिच्यामुळे येणारा थकवा आळस म्हणून गणला जातो.

आता संगीताकडे येतो. आपण ज्या दोन गोष्टींचे वर्णन केले आहे त्यांतली पहिली संगीतोपचार होती, दुसरी तालीम आहे. तालीम वाईट नसते, पण तिच्यात गाणे आधी ठरलेले असते आणि माणसाने त्यात बसायचे असते. संगीतोपचारात क्रम याच्या उलट असतो. पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे इंग्रज शिक्षक यांनी १९५९ मध्ये इंग्लंडमधील सनफील्ड या संस्थेत अपंग मुलांबरोबर काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या पद्धतीचा गाभाच हा होता की मूल जो आवाज करील, मग ती आरोळी असो, रडणे असो की टेबलावरची थाप असो, त्याला पियानोवर तत्क्षणी साथ द्यायची. मुलाने वेग वाढवला की पियानोने वेग वाढवायचा, मूल थांबले की पियानोने वाट पाहायची. ज्या माणसाच्या आयुष्यात उठण्याची वेळ, कपडे, जेवण, रिक्षा हे सर्व दुसऱ्याने ठरवलेले असते, त्याच्यासाठी ‘मी थांबलो म्हणून समोरचा थांबला’ हा अनुभव फार मोठा असतो.

आपल्या संगीतात यासाठी एक सुरेख जागा आयती उपलब्ध आहे. मी तबल्यावर केरवा हा आठ मात्रांचा ताल धरतो आणि काही आवर्तनांनंतर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, रिकामी सोडतो. मी काही सुचवत नाही, नजरेनेही खुणावत नाही. समोरचा माणूस त्या रिकाम्या समेवर आला तर पुढचे आवर्तन त्याच्या वजनाने जाते; नाही आला तर ठेका चालू राहतो आणि सम पुन्हा रिकामी येते. एक गृहस्थ पाच सत्रे समेवर आले नव्हते. सहाव्या सत्रात त्यांनी टाळाचा एकच टोला दिला आणि मग मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या पाच सत्रांत मी त्यांचा हात धरून टाळ वाजवून घेतला असता, तर अहवालात प्रगती दिसली असती आणि तो टोला माझा ठरला असता.

पेटीचाही असाच उपयोग होतो. काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा मानला, तर सप्तकातल्या पाचही काळ्या पट्ट्या मिळून भूप रागाचे सूर होतात. त्यांत एकमेकांना बोचणारी जवळची स्वरजोडी नसल्यामुळे ज्याने पेटीला आयुष्यात हात लावलेला नाही, त्यानेही कोठलीही काळी पट्टी दाबली तरी ती साथीत सामावते. चूक होण्याची भीती गेली की माणूस निवड करू लागतो, आणि मग निवडीला अर्थ येतो.

पुराव्याबद्दलही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, कारण पालकांना या क्षेत्रात फार मोठी आश्वासने दिली जातात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ९ देशांतील ४ ते ७ वर्षांची ३६४ मुले होती आणि उत्स्फूर्त वादनावर आधारलेल्या संगीतोपचाराने लक्षणांच्या तीव्रतेत नोंद घेण्याजोगा फरक पडला नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २६ अभ्यासांतील १,१६५ स्वमग्न व्यक्तींचा विचार झाला, आणि एकंदर सुधारणा व जीवनमान या बाबतींत संगीतोपचाराचा लाभ होत असावा असा निष्कर्ष निघाला. हे निष्कर्ष आपल्या २४ वर्षांच्या मुलाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. म्हणूनच अमुक रागाने बुद्ध्यांक वाढतो किंवा तमुक रागाने बोलणे येते असे कोणी सांगितले तर तेथून उठून यावे. मी स्वतः सत्रागणिक एवढेच नोंदवतो की आज या माणसाने स्वतःहून काय सुरू केले, काय थांबवले आणि काय बदलले.

धाकटी

माझा मोठा भाऊ ४१ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, त्याला बौद्धिक अक्षमताही आहे आणि तो बोलत नाही. ठेका यांनी लिहिलेल्याशी मी सहमत आहे. फक्त निवड विचारण्याच्या पद्धतीबद्दल थोडी भर घालते, कारण त्यात आम्ही कित्येक वर्षे चुकलो.

बोलणाऱ्या मंडळींना आपण ‘टाळ हवा की खंजिरी?’ असे विचारतो आणि उत्तर येते ‘खंजिरी’. आपण समाधानाने खंजिरी देतो. पुढच्या वेळी ‘खंजिरी हवी की टाळ?’ असे विचारून पाहा. उत्तर ‘टाळ’ आले, तर ती निवड नव्हती, ऐकलेल्या शेवटच्या शब्दाचा प्रतिध्वनी होता. माझा भाऊ नेहमी उजव्या हाताची वस्तू उचलायचा आणि आम्ही समजत होतो की त्याला खंजिरी फार आवडते. वस्तूंची जागा बदलल्यावर कळले की त्याला उजवी बाजू सोयीची होती, इतकेच. त्यानंतर आम्ही वस्तू अदलाबदल करून, तीन-चार वेगवेगळ्या दिवशी, आणि ‘दोन्ही नको’ यासाठी एक रिकामी ताटली ठेवून विचारू लागलो. पहिल्या महिन्यात त्याने बहुतेक वेळा रिकामी ताटली निवडली. आई तेव्हा खूप खचली होती. आज मला वाटते की इतक्या वर्षांत त्याला प्रथमच ‘नाही’ म्हणण्याची जागा मिळाली होती आणि तो ती पुरेपूर वापरत होता.

विचारल्यावर थांबणे हाही या कामाचा भाग आहे. आपण दोन सेकंदांत प्रश्न पुन्हा विचारतो, आवाज वाढवतो, शब्द बदलतो, आणि त्याच्या मनात जे जुळत आलेले असते ते विस्कटून जाते. मी मनात दहापर्यंत मोजते.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. २४ वर्षांच्या तरुणाला बालगीत का? घरी तो रेडिओवर काय ऐकतो हे आपण लिहिले नाही, पण ते बालगीत नसावे. माझ्या भावाला लावणीची ढोलकी आणि जुनी नाट्यगीते आवडतात. त्याच्या केंद्रात त्याला वर्षानुवर्षे चिऊ-काऊची गाणी मिळाली, कारण तेथील सर्वांच्या लेखी तो ‘मुलगा’ होता. केस पांढरे होऊ लागले तरी माणसाला ‘मूल’ म्हणत राहिले की त्याचा नकार हट्ट ठरतो, आणि हट्ट पुरवायचा नसतो हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे.

सोलापूरचा एक बाप

वरील दोन्ही उत्तरे आदराने वाचली. तरीही माझी शंका मांडतो, आणि ती टाळू नये अशी विनंती आहे. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. सगळे त्याच्या मनावर सोपवले तर तो दिवसभर मोबाइल पाहील, तीन वेळा वडापाव खाईल आणि अपस्माराची (फिट्सची) गोळी थुंकून टाकील. तो आज स्वतः आंघोळ करतो, पैसे ओळखतो, कारण आम्ही त्याच्या ‘नको’ला पुष्कळदा बाजूला ठेवले. पोहायलाही तो पहिले दहा दिवस नको म्हणत होता, आणि आता तलावातून बाहेर यायला तयार नसतो. ताईंनी आज सत्र सोडू दिले आणि उद्या त्यांच्या मुलाने कार्यशाळेलाच नकार दिला, तर तो घराच्या चार भिंतींत अडकेल. स्वयंनिर्णय हा शब्द ऐकायला चांगला आहे, पण परिणाम आम्ही निस्तरतो, आणि आमच्यानंतर कोण निस्तरणार हे आम्हाला ठाऊक नाही.

सनद

दादा, आपली शंका खरी आहे आणि कायद्यानेही तिचा विचार केलेला आहे. मी दिव्यांगांच्या हक्कांसंबंधी वकिली करते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, अक्षमता कितीही असली तरी संपते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येते, पण तेथेही समितीने या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी आहे हे पाहायचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १३ ने दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य केली आहे, आणि आधार देणाऱ्याने अवाजवी दबाव आणू नये, व्यक्तीची स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा यांचा मान राखावा असेही त्यात म्हटले आहे. कलम १४ मधले मर्यादित पालकत्व म्हणजे परस्पर विश्वासाने मिळून घेतलेला निर्णय. तो ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार असायचा आहे. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही हीच दिशा आहे, आणि त्याच्या अनुच्छेद ३० मध्ये आपली कलात्मक क्षमता विकसित करण्याची व वापरण्याची संधी हा दिव्यांग व्यक्तीचा हक्क म्हणून आलेला आहे.

याचा अर्थ अपस्माराची गोळी थुंकू द्यावी असा होत नाही. तेथे न घेण्याची किंमत जिवावरची आहे, म्हणून ती कशी घ्यायची, पाण्याबरोबर की केळ्यातून, आधी की जेवणानंतर, एवढीच निवड त्याची. स्नेहसंमेलनात ढोलकी न वाजवल्याने त्या तरुणाचे काय बिघडते? काही बिघडलेच तर आयोजकांचे बिघडते. ज्या निर्णयाची किंमत कमी आहे तेथे तो पूर्णपणे त्याच्या हाती द्यावा, म्हणजे जड निर्णयांच्या वेळी त्याला निर्णयाची ओळख असेल. आणखी एक विचारते, ताई: या सत्रांची चित्रफीत काढून व्हॉट्सअॅपवर पाठवली जाते का? जात असेल तर ती पाठवण्यापूर्वी त्याला दाखवली जाते का?

ठेका

सोलापूरच्या दादांना थोडे उत्तर. स्वयंनिर्णयावर आयुष्यभर संशोधन केलेले अमेरिकन अभ्यासक मायकेल वेहमायर यांचा भर याच मुद्द्यावर आहे की स्वयंनिर्णय म्हणजे सर्व काही एकट्याने करणे नव्हे आणि मनात येईल ते करणेही नव्हे. आपल्या आयुष्यात जे घडते त्याचे कारण आपण असणे, हा त्याचा अर्थ आहे. त्यासाठी निवडणे, अडचण सोडवणे, ध्येय ठरवणे, स्वतःवर लक्ष ठेवणे ही कौशल्ये शिकवावी लागतात. आपण मुलाला पोहायला लावलेत ते योग्यच होते, असे मला वाटते, कारण पोहणे म्हणजे काय हे ठाऊक नसताना दिलेला नकार हा अनोळखीपणाचा असतो. ताईंच्या मुलाला मात्र ढोलकी म्हणजे काय हे चांगले ठाऊक आहे. त्याने वर्षभर ‘हो’ म्हटले, परिस्थिती बदलल्यावर ‘नको’ म्हटले. यापेक्षा स्पष्ट निर्णय अनेक शहाणी माणसेही देत नाहीत.

मी स्वतः

मी २९ वर्षांचा आहे. मी पुण्यात राहतो. मला बौद्धिक अक्षमता आहे. मी बोलतो आहे आणि माझी बहीण लिहिते आहे. तिने वाचून दाखवले आहे.

मी तबला वाजवतो. आधी मला टीचरनी झांज दिली. मला झांज आवडत नव्हती. मी सांगितले नाही, कारण टीचर रागावतील. मग नवीन सर आले. ते म्हणाले, नको असेल तर वाद्य टेबलावर ठेव. मी ठेवले. ते रागावले नाहीत. म्हणून मी नंतर तबला मागितला.

त्याला विचारा की स्टेज नको का ढोलकी नको. मला ढोलकी चालते. मला स्टेज नको. लोक खूप टाळ्या वाजवतात, चुकलो तरी वाजवतात. मला ते आवडत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार मानून तीन आठवड्यांत जे घडले ते लिहिते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दोन्ही कानांतून पुष्कळ मळ काढला. श्रवण चाचणीत डाव्या कानाने कमी ऐकू येत असल्याचे दिसले, आणि मधल्या कानात द्रव असल्यामुळे पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावले आहे. इतकी वर्षे मी त्याच्या डाव्या बाजूला बसून त्याच्याशी बोलत आले.

‘मी स्वतः’ यांनी सुचवलेला प्रश्न मी विचारला. ढोलकीचे, मंचाचे आणि त्या गाण्याचे अशी तीन छायाचित्रे केली, शेजारी रिकामी ताटली ठेवली आणि धाकटी यांनी सांगितल्याप्रमाणे क्रम बदलून चार दिवस विचारले. चारही दिवस त्याने मंचाचे छायाचित्र उचलून मला परत दिले. गाण्याचे छायाचित्र त्याने दोनदा ताटलीत ठेवले आणि दोनदा हात लावला नाही. ढोलकीचे छायाचित्र त्याने आपल्या खिशात ठेवले, ते अजून परत मिळालेले नाही.

कार्यशाळेत मी लेखी कळवले की तो स्नेहसंमेलनात भाग घेणार नाही आणि त्याचे बुधवारचे सत्र त्याला समूहाऐवजी एकट्याचे हवे आहे. त्यांना ते रुचले नाही. बोलणी सुरू आहेत. सनद यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. चित्रफिती पाठवल्या जात होत्या, त्याला कधी दाखवल्या नव्हत्या, आणि मीही त्या नातेवाइकांना पुढे पाठवत होते. त्यांतली एक परवा त्याला दाखवली. त्याने ती तीनदा पाहिली आणि चौथ्या वेळी माझ्या हातातला मोबाइल पालथा ठेवला. मी ती काढून टाकली.

दरम्यान आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात तो दोन गुरुवार गेला. तेथे तो शेवटच्या रांगेत, उजवा कान पेटीकडे करून बसतो आणि टाळ वाजवतो. त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, कारण सगळे गाण्यात असतात. काल मात्र त्याने जायचे नाही असे सांगितले. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, बरे नाही का म्हणून विचारत होते. बरा आहे, आज त्याला यायचे नाही, एवढेच मी सांगितले. ते ‘बरं, पुढच्या गुरुवारी पाहू’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.